साहेबांनी हेडफोन का लावले?

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे आणि आधीच सांगून टाकतो, माझा तुमच्यावरसुद्धा विश्वास नाही. काय आहे तुमच्या खिशात? किल्ली? नाणं? की चॉकलेटचा तो चुरगळलेला चंदेरी कागद, जो तुम्ही गुपचूप कोंबलात आणि आईला म्हणालात, "मी नाही खाल्लं"? मला सगळं कळतं. राग मानू नका. कुणाचा जन्म गाण्यासाठी असतो, कुणाचा दळण्यासाठी. माझा संशय घेण्यासाठी झाला.

दिसायला मी काही देखणा नाही. एक लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी गोल थाळी, वर हाताशी एक पेटी. पेटीवर काचेआड थरथरणारा काटा आणि जाळीचा छोटा स्पीकर. थाळीखाली लोखंड, तांबं, पितळ असं काहीही आलं की काटा उडतो आणि मी 'कुंईंईं' करून ओरडतो. माझ्या आवाजाला आजवर कुणी गोड म्हटलेलं नाही.

मी जन्मलो एका कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे एक बाई दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजत थाळ्या गुंडाळायच्या. कुणी हाक मारली तरी ओ देत नसत, कारण ओ दिली की आकडा चुकायचा. माझे वेढे झाल्यावर फोरमनने वाळूच्या पेटीत एक खिळा पुरला आणि मला वरून फिरवलं. मी ओरडलो. मग त्याने मला दुसऱ्या पेटीवरून फिरवलं. तिच्यात काहीच पुरलं नव्हतं, तरी मी ओरडलो. फोरमनला वाटलं, गेला हा कामातून. पण त्याने वाळू उपसली, तर तळाच्या फळीला एक मोडकी टाचणी चिकटलेली निघाली. तो पोट धरून हसला. "भलताच संशयी निघालाय हा! मोजणीवाल्यांना देऊन टाका," म्हणाला. मला तेव्हा ती शिवी वाटली होती. ती माझी पहिली शाबासकी होती, हे पुढे कळलं.

तर अशा रीतीने मी जमीन मोजणीच्या कार्यालयात आलो आणि साहेबांच्या हाती पडलो.

साहेब म्हणजे तिथले मोजणीदार. उंच, सडपातळ, चालणं सरळ, बोलणं त्याहून सरळ. पाठीमागे सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. दोन मालकांच्या जमिनीची हद्द जिथे ठरते तिथे कोपऱ्यावर एक लोखंडी खुंटी ठोकलेली असते. वर्षं जातात, माती चढते, खुंटी दिसेनाशी होते आणि माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मग साहेब मला घेऊन जात. मी खुंटी शोधायची, साहेबांनी ती खणून दाखवायची आणि भांडणाऱ्यांनी तोंडं पाडून घरी जायचं, हे आमचं काम.

साहेबांचे दोन नियम होते. पहिला, मी जिथे वाजेन तिथे खणायचंच. मग तिथून बाटलीचं झाकण निघो नाहीतर घोड्याचा नाल. दुसरा नियम हेडफोनचा. माझ्याबरोबर हेडफोनची जोडी मिळाली होती. तिची वायर पेटीत खोचली की स्पीकर बंद होतो आणि माझा आवाज फक्त लावणाऱ्याच्या कानात जातो. रहदारीच्या रस्त्याकडेला एकट्याचं काम असेल तर साहेब हेडफोन लावत. पण दोन्ही बाजूंची माणसं समोर उभी असली की कधी म्हणून कधी नाही. "मला ऐकू येतं ते दोघांनाही ऐकू आलं पाहिजे," असं म्हणत आणि माझा आवाज पूर्ण मोठा करत. तीस वर्षांत हा नियम मोडलेला मी पाहिला नाही. आणि मी बघत होतो बरं का, डोळ्यांत तेल घालून.

साहेब निवृत्त झाले त्याच महिन्यात कार्यालयात स्क्रीनवाली नवी यंत्रं आली आणि मला भंगारात काढलं. साहेबांनी रीतसर अर्ज करून मला घरी नेलं. दारातच त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. कार्यालयात सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

"आली का सवत घरी?" वहिनी म्हणाल्या. "आता हिला ठेवायची कुठे?"

ठेवली कपाटामागे, शिडी आणि फरशी पुसायच्या दांड्याच्या मधोमध. तिथे मी चार वर्षं काढली. माझ्या पोटात सेल तसेच राहिले होते. ते फुटले, पाझरले, आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या. मला वाटलं, संपलं आपलं. शिडीला निदान दिवे बदलताना कुणी विचारत तरी होतं.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. लेक पस्तीस वर्षांची, परदेशात मोठ्या हुद्द्यावर, पण घरात अजून छकुलीच.

"बाबा, येताना तुमचं ते मशीन घेऊन या," छकुली म्हणाली. मी कपाटामागे कान टवकारले. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कुणी परदेशी बोलावतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार.

भानगड अशी होती. छकुलीला आपल्या घरामागच्या बागेत एक खोली बांधायची होती, आईबाबांसाठी. मागच्या वर्षी साहेब न्हाणीघरात घसरून पडले होते. वहिनींना त्यांना एकटीने उचलता आलं नाही. शेजारी घरी परत येईपर्यंत दोघं दोन तास ओल्या फरशीवर बसून होते. वहिनी त्यांना विनोद सांगत होत्या आणि साहेब हसल्यासारखं करत होते. छकुलीला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली आणि म्हणाली, "आता तुम्ही इकडेच राहायचं." नकाशा झाला, गवंडी ठरला. पण पलीकडच्या शेजारणीने हरकत घेतली. तिचं म्हणणं, मधलं लाकडी कुंपण तिच्या जागेत दोन हात सरकलेलं आहे. आणि खोली बसत होती ती अगदी कुंपणाला लागून. दोन हात कमी झाले तर खोली कसली, बोळच व्हायचा.

तिथल्या कचेरीने सांगितलं, कागदावर कोपऱ्यात लोखंडी खुंटी दाखवली आहे. ती दोघांच्या समोर एकदा शोधा. सापडली तर खुंटी खरी. नाही सापडली तर आहे ते कुंपण खरं मानू, मात्र शेजारणीने तशी सही करावी.

"ती बाई विक्षिप्त आहे, बाबा," छकुली म्हणाली. "सात वर्षं हेच पालुपद. तुम्ही तिच्यासमोर मशीन फिरवून दाखवा म्हणजे तिचं तोंड बंद होईल."

साहेबांनी मला बाहेर काढलं, आतल्या पट्ट्या घासून लख्ख केल्या, नवे सेल घातले. मी फरशीवरच्या वहिनींच्या चमच्यावर ओरडलो, तेव्हा साहेब लहान मुलासारखे हसले. त्यांचं तसं हसणं मी पुष्कळ दिवसांनी ऐकत होतो.

प्रवासासाठी माझे तीन तुकडे झाले. दांडा साहेबांच्या लोकरी पँटमध्ये, थाळी वहिनींच्या शालीत, पेटी बुटांच्या खोक्यात. विमानतळावर पाहतो तर काय, आमचीच जात! माणसं ज्यातून एकेक करून जातात ते दार म्हणजे माझा थोरला भाऊ. शिपायाच्या हातातली ती काळी काठी म्हणजे धाकटा. दोघंही साहेबांच्या पट्ट्यावर ओरडले. आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, त्या मला शिपायांनी टेबलावर पसरून ठेवलं. पाच जण माझ्याभोवती गोळा झाले. संशयाची नजर समोरून कशी लागते ते त्या दिवशी मला कळलं.

"हे काय आहे?" शिपायाने विचारलं.

"काही नाही हो, झाडायचं मशीन आहे," वहिनी पटकन म्हणाल्या. "लेकीकडे गालिचे आहेत ना, मग लागतं."

"धुळीची पिशवी कुठे आहे मग?"

"ती... ती तिकडे मिळते."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "हिचं ऐकू नका. मेटल डिटेक्टर आहे. जमिनीतलं लोखंड शोधतो. मी निवृत्त मोजणीदार आहे." आणि त्यांनी खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली.

पाऊण तास गेला. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शेवटी आम्हाला सोडलं, तेव्हा वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "खरं बोलून काय मिळवलंत? विमान गेलं असतं आत्ता!"

"खोटं बोलून गेलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं," साहेब म्हणाले. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. मी शालीत गुंडाळलेला, पण मला साहेबांचा अभिमान वाटला.

छकुलीचा रस्ता अरुंद होता. दोन्हीकडे एकसारखी घरं आणि दारांवर पितळी आकडे. मागे बाग म्हणजे गवताचा एक लांबट तुकडा, कपडे वाळत घालायचा खांब आणि कडेने कुंपण. गवतावर छकुलीने चुन्याच्या रेषा मारून दोरी लावून ठेवली होती. आल्या आल्या तिने आईला हात धरून त्या दोरीच्या आत नेलं. "ही खिडकी. इथे तुझी खुर्ची. इथे बाबांचं टेबल. आणि न्हाणीघराला पायरी नाही बरं का, सगळं सपाट." वहिनी दोरीच्या आत उभ्या राहिल्या. नसलेल्या खिडकीतून त्यांनी बाहेर पाहिलं. "पडदे मी शिवीन," एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. त्यांना ती खोली किती हवी होती ते सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

आणि कुंपणापलीकडे ती उभी होती. शेजारीण. ती पूर्वी शिंपीकाम करायची. काम सुटलं तरी कापडी फीत अजून गळ्यातच असायची. त्याच फितीने तिने म्हणे सात वर्षांपूर्वी कुंपण मोजलं होतं. गल्लीतले लोक तिला हसत. मला ती बघताक्षणीच आवडली नाही. खिडकीतून मी तिच्यावर पाळत ठेवली. सकाळी ती खुरपं घेऊन कुंपणाच्या बुडाशी उकरत बसे. फुलझाडं लावतेय म्हणे! माझ्या मनात पाल चुकचुकली. हिनेच तर खुंटी उपटली नसेल? मी ठरवून टाकलं, चोर असेल तर तो पलीकडेच असणार.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी घराचा नकाशा टेबलावर पसरला. चष्मा पुसला. नकाशा पाहिला, उठून खिडकीतून कुंपण पाहिलं, परत नकाशा पाहिला. मग नकाशातल्या खुंटीच्या खुणेवर बोट ठेवून बसले. छकुलीने विचारलं, "काय हो बाबा?" तर म्हणाले, "काही नाही. उद्या बघू." मोजणीदाराची तीस वर्षांची नजर होती ती. तिला काय दिसलं ते मला तेव्हा कळलं नाही. पण साहेब 'बघू' म्हणणारे नव्हते. 'आहे' म्हणत किंवा 'नाही' म्हणत.

शनिवारी सकाळी दहा वाजता सगळे जमले. छकुली, वहिनी आणि कुंपणापलीकडे शिंपीणबाई. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला. मध्ये छकुली दोन्हीकडचं सांगणार होती. साहेबांनी मला जोडलं, पट्टा खांद्याला लावला आणि मग खिशात हात घालून हेडफोन बाहेर काढले.

मित्रांनो, मी चरकलो. दोन बाजू समोर उभ्या आणि हेडफोन?

"रस्त्यावर गाड्यांचा आवाज फार आहे," साहेब म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. आणि रस्ता घराच्या पुढच्या अंगाला होता, आम्ही मागच्या. वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

वायर खोचली गेली. माझा आवाज फक्त साहेबांपुरता उरला. आम्ही कुंपणाच्या कडेने सुरुवात केली. कुंपणाला लागून काहीच नव्हतं. हातभर आत आलो, काही नाही. मग आणखी आत, खांबाच्या पुढे, दोरीने आखलेल्या खोलीच्या ऐन पोटात मी ओरडलो. काय ओरडलो! काटा आपटून पलीकडच्या टोकाला चिकटला. एवढा जाड, एवढा उभा आवाज झाकणाचा नसतो, नालाचा नसतो. ती खुंटीच होती. कुंपणापासून दोन हात आत.

साहेब थांबले.  आता हेडफोन काढतील, आता 'आहे!' म्हणतील, आता खुरपं मागतील, म्हणून मी वाट पाहत होतो. साहेबांनी पेटी फिरवून काटा स्वतःच्या पोटाकडे केला. आणि पुढे चालू लागले.

पलीकडून शिंपीणबाई काहीतरी म्हणाली. "ती विचारते, तिथे का थांबलात?" छकुलीने सांगितलं.

"पाय अडखळला म्हणून सांग," साहेब म्हणाले.

पुढची सगळी बाग त्यांनी माझ्याकडून नीट तपासून घेतली, जिथे काहीच नव्हतं तिथे. शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "नाही." छकुलीने टाळी वाजवली. शिंपीणबाईने गळ्यातली फीत बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. उद्या सकाळी कागदावर सही करते म्हणाली आणि वाकून आपल्या फुलझाडांकडे वळली. सोमवारी गवंडी यायचा होता.

मला दुपारभर जेवणघराच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलं होतं. मी शेजारणीवर संशय घेतला, विमानतळावरच्या शिपायावर घेतला, वहिनींवर तर नेहमीच घेतला. साहेबांवर कधी घ्यावा लागेल असं वाटलं नव्हतं. इतका जीव तुटला माझा, की वाटलं त्या पाझरलेल्या सेलांनीच मला संपवलं असतं तर बरं झालं असतं. आणि तरी मनात येत होतं, त्या ओल्या फरशीवरचे दोन तास. साहेबांनी स्वतःसाठी थोडंच केलं हे? आजवर इतरांच्या जमिनी मोजताना त्यांना कधी वहिनींच्या म्हातारपणाचा विचार करावा लागला नव्हता.

साहेब जेवले नाहीत. माझी थाळी मात्र त्यांनी ओल्या फडक्याने तीनदा पुसली.

"पोट बरं नाही का?" वहिनींनी विचारलं.

"बरं आहे."

"मग?"

"काही नाही गं."

"सकाळी पाय अडखळला म्हणे तुमचा. सपाट गवतात?"

साहेबांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते तिथल्या भाषेतलं होतं. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. वहिनी ते पाहत राहिल्या, मग हळूच वळून माझ्याकडे पाहत राहिल्या. चाळीस वर्षांचा संसार म्हणजे माझ्यासारखी शंभर यंत्रं. मला वाटलं, आज मला सवत म्हणणार नाहीत.

रविवारी सकाळी शिंपीणबाई कुंपणाच्या फाटकातून कागद घेऊन आत आली. छकुलीने पेन पुढे केलं. साहेब मागच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. एकच नाडी, दुसऱ्यांदा. तेवढ्यात वहिनी मला घेऊन बाहेर आल्या. माझं बटण कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं, इतकी वर्षं पाहून पाहून. हेडफोन त्यांनी कानांना लावले होते, उलटे. दांडा कसा धरायचा ते काही त्यांना येईना. झाडू मारावा तशा मला त्या गवतावरून फिरवत निघाल्या आणि थेट तिथे आल्या, जिथे सपाट गवतात साहेबांचा पाय अडखळला होता.

मी ओरडलो. वहिनींच्या कानात, होतं नव्हतं तेवढं बळ लावून.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. त्या चुन्याच्या रेषेच्या आत होत्या, स्वतःच्या खिडकीपाशी. मला वाटलं, बंद करणार ह्या मला. ज्यांना खोली सगळ्यांत जास्त हवी त्याच ह्या. विमानतळावर बेधडक थाप मारणाऱ्याही ह्याच. बटणाकडे त्यांचा हात गेलाही. पण तो बटण ओलांडून पुढे गेला. त्यांनी हेडफोनची वायर धरली आणि हिसका देऊन उपटून काढली.

माझा आवाज दोन्ही बागांत घुमला. शिंपीणबाईचं पेन कागदाच्या वर तसंच राहिलं.

"आई! काय चाललंय हे?" छकुली ओरडली.

"वाजतंय ते," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, तरी त्या हसल्या. "काल तुझ्या बाबांना ऐकू आलं नसेल. कान गेलेत त्यांचे. घरी मी हाका मारून दमते, तर ओ देतील तर शपथ!"

एवढी सोपी वाट काढून दिली होती त्यांनी साहेबांना. नुसतं कानाला हात लावून 'हो गं' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. साहेब नाडी सोडून उठले. गवतातून चालत आले, वहिनींच्या हातून मला घेतलं आणि आवाज बंद केला.

"माझे कान चांगले आहेत," ते म्हणाले. "काल मला ऐकू आलं होतं. काटाही पाहिला होता मी. खुंटीच आहे ही."

 शिंपीणबाई याच्याकडून त्याच्याकडे पाहत होती. मग तिने छकुलीला काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल ते सांगायला नको. हा माणूस काय म्हणाला?

"बाबा," छकुली आमच्याच भाषेत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मग खोली? तुम्ही राहणार कुठे?"

"राहतोय तिथे राहू," वहिनी म्हणाल्या.

"आणि परत पडले तर?"

"मी जपून चालेन," साहेब म्हणाले. "सांग तिला. जे बोललो ते सगळं सांग, काही गाळू नकोस."

छकुली शेजारणीकडे वळली. ती बोलली, जेमतेम दोन वाक्यं. मित्रांनो, मला ती भाषा येत नाही. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला लगेच शंका आली. दोन्ही भाषा येणारी ही एकटीच. आत्ता खुंटी सापडली, एवढंच सांगितलं असेल तर? बापाची लाज लेकीने झाकली तर तिला कोण नावं ठेवणार? तो एक शब्द, 'काल', तिने गिळला असेल तर इथे कुणालाच कधी कळणार नव्हतं.

शिंपीणबाईने कागद खाली केला. साहेबांकडे रोखून पाहिलं. मग तिने आपला अंगठा खांद्यावरून मागे नेला, गेलेला दिवस दाखवतात तसा, आणि भुवया उंचावून विचारलं.

साहेबांनी मान हलवली. हो. काल.

म्हणजे सांगितलं होतं पोरीने. काहीही न गाळता.

शिंपीणबाई तिथेच गवतात बसली आणि तोंडावर पदरासारखी ती फीत धरून रडू लागली. सात वर्षं गल्ली तिला वेडी म्हणत होती. साहेब तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि खुरप्याने माती काढू लागले. वीतभर खाली खुंटीचं चौकोनी डोकं निघालं, गंजून लाल झालेलं. मी तिच्या फुलझाडांवर घेतलेला संशय गपकन गिळला. शिंपीणबाईने डोळे पुसले, फीत खुंटीवर ठेवली आणि दुसरं टोक कुंपणापर्यंत ओढून साहेबांना आकडा दाखवला. तो आणि सात वर्षांपूर्वीचा तिचा आकडा यांत चार बोटांचाही फरक नव्हता. "कापडी फितीने!" साहेब म्हणाले आणि त्यांनी तिला चक्क हात जोडले.

खोली झाली नाही. छकुली दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच चुन्याच्या रेषा पाण्याने धुवायला गेली, तर वहिनी आधीच तिथे वाकून दोरी गुंडाळत होत्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी खिडकीतून पाहिलं. यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

आता आम्ही परत आपल्या घरी आहोत. वहिनींनी न्हाणीघरात भिंतीला लोखंडी दांडी बसवून घेतली आहे. छकुली रोज सकाळी फोन करते आणि बाबा उचलेपर्यंत तिच्या जिवात जीव नसतो. साहेबांचं वय वाढतंय. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण सकाळी ते वर्तमानपत्र वाचतात तेव्हा ते त्यांच्या भाषेतलं असतं आणि ते खरोखर वाचत असतात.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या घरी कपाटामागे पडलं असेल, तर एवढं करा. त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा, ते आतून खातात. महिन्यातून एकदा धूळ पुसा. आणि त्याचं ऐकत चला. आम्ही यंत्रं फक्त ओरडू शकतो. ऐकू आलं असं म्हणणं तुमच्या हातात असतं. उशिरा म्हटलंत तरी चालतं, साहेबांनी म्हटलं. पण त्यांना विचारा, ती एक दुपार केवढी मोठी होती. म्हणून शक्य असेल तर त्याच दिवशी म्हणा.